मुशीच्या तेलातली मोटरसायकल

मी माणसांवर सहसा चिडत नाही, वस्तूंवर चिडते. न उघडणारी बरणी, अडकलेली कडी, ऐन वेळी न उठणारं पेन यांना मी मनापासून शिव्या घालते आणि मग मला बरं वाटतं. नवरा म्हणतो, त्याच्या वाट्याच्या शिव्या भांड्यांना जातात म्हणून आमचा संसार टिकून आहे. पण त्या नारळीपौर्णिमेच्या आठवड्यात माहेरच्या मोटरसायकलने माझ्याकडचा सगळा साठा संपवला. शेवटी शेवटी मी तिला नुसतंच 'अगं बाई' म्हणत होते.

माहेर तारापूरच्या अलीकडे, अगदी समुद्राला लागून. मी पालघरला राहते, कोळगावच्या सरकारी ऑफिसात नोकरी करते. बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून रजा टाकून आले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. आयुष्यभर होडीवर काम केलेल्या माणसाला हे तिन्ही सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखंच होतं. काळा चष्मा लावून ते ओटीवर बसायचे आणि दिसेल त्याच्यावर बोलायचे. आणि आता त्यांना सगळंच दिसत होतं.

"भिंत निळी कदी केली?"

"चार पावसाळे झाले, बाबा."

"आनी ही गाडी लाल हाय? मना वाटायचं तपकिरी."

लाल गाडी तपकिरी समजून हा माणूस गेली कित्येक वर्षं आईला मागे बसवून रोज बोईसरला नेत होता. मी डोक्याला हात लावला. ते म्हणाले, "रस्ता पाठ हाय गो. डोळं कशाला लागतात?"

आई बोईसरच्या बाजारात मासे विकते. गावच्या बाकीच्या बायका टेम्पो करून पालघरला जातात, बोईसरच्या मासेवाल्या बायकांच्या ओळीत आमच्या गावची आई एकटीच. रिक्षावाले माशांची टोपली घेत नाहीत, वास राहतो म्हणतात. तेव्हा ही मोटरसायकल म्हणजे आईची टोपली, आईचा बाजार आणि आईची ऐट. मासेमारीबंदीचे दोन महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेवढे दिवस घरी थांबून सुकी मासळी विकायची. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या सुटतात, आणि पहिली होडी परतली की त्या सकाळी आईला बाजारात बसायचं असतं. ती सकाळ चुकवायची नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

कारण त्या सकाळची एक रीत आहे. लग्नानंतर आई पहिल्यांदा त्या बाजारात टोपली घेऊन बसली, तेव्हा नवीन म्हणून तिच्याकडे कुणी फिरकेना. शेजारणींचं मावरं, म्हणजे मासळी, संपत आलं तरी हिची टोपली जशीच्या तशी. बाबा तिला सोडून समोर चहा पीत बसले होते. त्यांना ते बघवेना. ते उठले, अनोळखी गिऱ्हाइकासारखे तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि मोठमोठ्याने भाव करायला लागले. आईही काही कमी नाही. "घ्यायचं तर घे, नायतर वाट धर," असं तिने भर बाजारात नवऱ्याला सुनावलं. भांडण बघायला माणसं जमली आणि जमलेल्यांनी मासे घेतले. तेव्हापासून हंगामाची पहिली बोहनी बाबांच्या हातची. ते आईला सोडतात, गाडीवरून बाजाराला एक चक्कर मारतात, आणि गाडीचा फटफट आवाज परत आला की ओळीतल्या बायका ओरडतात, "आला गो तुजा गिऱ्हाईक!" मग भांडण होतं, मग बोहनी होते. बोहनी झाल्याशिवाय आई टोपलीवरचं फडकं काढत नाही.

"यंदा बाबांना रिक्षाने पाठवू," मी म्हणाले. "तसंही सकाळच्या रिक्षा कंपनीच्या पहिल्या पाळीवाल्यांनी भरलेल्या असतात, पण एक माणूस मावेल कसाबसा."

दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांची मुलगी आहे यावर त्यांचा विश्वास उरला नसावा. "रिक्षातून गिऱ्हाईक येतो?" बाबा म्हणाले. "चालवू नको बोलला डॉक्टर. मागं बसू नको नाय बोलला." म्हणजे मी आधी आईला नि टोपलीला सोडायचं, मग परत येऊन बाबांना न्यायचं. गाडी मला चालवता येते. फक्त गाडी चालायला हवी होती.

आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की बाबा तिला मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल चोपडतात. वासाला भयंकर, पण लाकूड पाणी पीत नाही. यंदा डब्यात तेल उरलं. खाऱ्या हवेत गाडीला गंज चढतो हे त्यांना माहीत होतंच. होडीला चालतं ते गाडीला का चालू नये, असा साधा विचार करून त्यांनी उरलेलं सगळं तेल मोटरसायकलला पाजलं. टाकीला, सीटला, चाकांना, साखळीला, आणि ब्रेक-क्लचच्या केबलींच्या तोंडातूनसुद्धा थेंब थेंब आत सोडलं. दुसऱ्या कुठल्या घरात असं कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

गंज चढला नाही, हे कबूल. पण मुशीचं तेल वाळलं की वॉर्निशसारखं घट्ट बसतं. म्हणून तर ते होडीला लावतात. साखळीची कडी न् कडी चिकटून तिची काठी झाली होती. मी ती काढून हातात धरली तर ती आडवी ताठ राहिली. आणि गावातली मांजरं! दोन महिने त्यांनी त्या गाडीला देवळासारखी प्रदक्षिणा घातली होती. सीटचं कव्हर फाडून आतला स्पंज चाटूनपुसून साफ केला होता. मी ताडपत्री काढली तेव्हा एक काळं मांजर टाकीवर झोपलेलं होतं. त्याने मला बघून जांभई दिली.

गावातला गॅरेजवाला आवणीसाठी सफाळ्याकडे गेला होता, भात लावून झाल्याशिवाय येणार नव्हता. बोईसरहून एकाला बोलावलं. तो बिचारा आला, गाडीपासून दहा पावलांवर थांबला, रुमाल नाकाला लावून म्हणाला, "मॅडम, ये गाडी है कि मछली?" आणि तिथूनच परतला. बाबांना राग आला. मला त्याचं पटलं होतं, पण मी तोंडाने बाबांच्या बाजूची राहिले.

मग मीच बाह्या सरसावल्या. साखळी होडीच्या डिझेलमध्ये रात्रभर भिजवली आणि सकाळी जुन्या टूथब्रशने कडी कडी घासली. हाताला जो वास लागला तो लिंबाने जाईना, राखेने जाईना, नवऱ्याशी फोनवर बोलतानासुद्धा त्याला येतोय असं वाटत होतं. साखळी मात्र मोकळी झाली. मला एवढा आनंद झाला की मी ती गळ्यात घालून अंगणात नाचले. बाबा टाळ्या वाजवत होते.

साखळीची दोन टोकं जोडायला एक बारीक पत्र्याची क्लिप असते, नखाएवढी. ती पक्कडीने दाबायची. मी दाबली. ती उडाली. हवेत चमकली आणि अंगणात पसरलेल्या जवळ्यात जाऊन पडली. त्या दिवशी ऊन पडलं होतं म्हणून आईने साठवणीचा सगळा जवळा वाळवायला घातला होता. जवळा म्हणजे बारीक, वाकडी, फिकट सुकी कोळंबी. क्लिपही बारीक, वाकडी, फिकट. मी गुडघ्यावर बसून शोधायला लागले. ओटीवरून बाबा सूचना देत होते: "डावीकडं. नाय गो, तुजं डावं नाय, माजं डावं." आई सूप घेऊन आली, पाखडायला बसली. मांजरंही मदतीला आली. संध्याकाळपर्यंत जवळा निवडून इतका स्वच्छ झाला, की आई म्हणाली, आता हा जास्त भावाने विकायला हरकत नाही. क्लिप काही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी बोईसरला जाऊन नवी क्लिप आणली. बसवली, आणि दुपारी जेवायला बसलो. जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी. पहिल्याच घासाला दाताखाली कट् वाजलं. जुनी क्लिप.

"गिळली असतीस तरी चाललं असतं," बाबा म्हणाले. "लोखंडानं रक्त वाढतं."

आता फक्त पेट्रोल. दोन महिन्यांचं जुनं पेट्रोल काढून टाकलं आणि पडवीतल्या निळ्या कॅनमधून नवं ओतलं. माहेरच्या पडवीत सगळे कॅन निळे आहेत, हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. किक मारली, मारली, मारली. पायात गोळे आले. शेवटी गाडीने एकदा ढेकर दिला आणि पांढरा धूर सोडला. बाबांनी ओटीवरून हवा हुंगली आणि शांतपणे म्हणाले, "डिझेल हाय." त्यांच्या आवाजात जरासुद्धा तक्रार नव्हती. उलट इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी त्यांच्यासारखंच काम करणारं सापडल्याचं समाधान होतं.

मी गाडीला लाथ घातली. पाय मलाच लागला. मग टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर उघडून पुसला, प्लग पुसला, आणि या वेळी हुंगून पेट्रोल भरलं. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून डिझेलमध्ये.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आई बाबांच्या समोर उभी राहत नव्हती. चहा द्यायची तर बाजूने, बोलायची तर दारामागून. पदर कपाळावर ओढलेला. पहिल्यांदा वाटलं काहीतरी बिनसलंय. साखळी घासताना तिला विचारलं, तर ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "तेला आता सगळं दिसतं, बाय. भिंत निळी दिसली, गाडी लाल दिसली. मी कशी दिसंन?"

मला हसूच आलं. "आये, तुला काय झालंय?"

"तेनं मला नीट बगितलं तवा केस काळं होतं," ती म्हणाली आणि सूप घेऊन उठून गेली. माझं हसू तिथेच राहिलं. मी साखळी घासत राहिले, जरा जास्तच जोरात.

पौर्णिमेला नारळ दिला. होड्या गेल्या. खटपटीच्या चौथ्या का पाचव्या दिवशी, आता आठवत नाही, मी गाडीला परत किक मारली आणि ती सुरू झाली. अशी सुरू झाली जशी काही झालंच नव्हतं. मी ओरडले. आई धावत बाहेर आली, बाबा उभे राहिले. मी कुणाला मिठी मारू कळेना म्हणून टाकीला मारली. मग दिवसभर माझ्या गालाला मुशीचा वास होता आणि काळं मांजर माझ्या मागेमागे.

सगळ्यांत आधी काकाची होडी परतली, त्या पहाटे मी आईला नि टोपलीला घेऊन निघाले. सीटवर गोणपाट बांधलं होतं. वेशीपर्यंत मांजरांनी आम्हाला सोबत केली. बोईसरला आई तिच्या जागेवर बसली, टोपली पुढे ठेवली, फडकं नीट झाकलं. ताजं मावरं बघून गिऱ्हाइकं थांबायला लागली. आई म्हणाली, "थांबा जरा. बोहनी व्हायचीय." मी परत फिरले.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वेशीवरच उभे होते. काळ्या चष्म्यावर हेल्मेट. मागे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. रस्ताभर झाडं, पाट्या, लोकांचे कपडे यांचे रंग सांगत होते. पास्थळच्या अलीकडे मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला तो हातात गरागरा फिरला. इंजिन नुसतं पुटपुटत राहिलं. केबल तुटली होती. मुशीच्या तेलाने आतून धरलेली तार इतके दिवस कशीबशी ओढत होती, ती गेली.

मी गाडी कडेला घेतली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागले. रागाने नाही. तिकडे आई झाकलेल्या टोपलीसमोर बसली होती, गिऱ्हाइकं चालली होती, आणि ती फडकं काढणार नव्हती हे मला माहीत होतं.

"ऊठ," बाबा म्हणाले. त्यांच्या खिशात नेहमी जाळ्याची नायलॉनची दोरी असते. ऑपरेशनलाही ती घेऊन गेले होते, नर्सने काढायला लावली. मला वाकायला लावून त्यांनी तुटलेल्या तारेचं टोक कार्ब्युरेटरजवळून बाहेर काढून घेतलं आणि त्याला जाळ्याच्या गाठीने दोरी बांधून घेतली. दोरी माझ्या मांडीखालून मागे घेतली आणि दुसरं टोक आपल्या बोटाला गुंडाळलं. "तू सुकाणू धर. वेग माज्याकडं."

आम्ही निघालो. मी हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळत होते, बाबा मागून दोरी ओढत होते. मी "ओढा" म्हटलं की गाडी उसळायची, "सोडा" म्हटलं की बसायची. बाबा ऐन भरतीत होते. खड्डा आला की ते स्वतःच ओढायचे, होडी लाटेवर चढवावी तसे. कंपनीत निघालेले कामगार सायकली थांबवून बघत होते. एकाने विचारलं, "चाचा, गाडी कौन चला रहा है?"

"हम दोनो!" बाबा ओरडले, आणि मला आयुष्यात गाडी चालवताना इतकं हसू कधी आलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी "सोडा, सोडा" ओरडत होते.

बाजारात शिरलो तेव्हा बऱ्याच बायकांचे मासे निम्मे संपले होते. आईची टोपली तशीच झाकलेली. आमच्या गाडीचा आवाज त्या दिवशी वर-खाली होत होता, तरी ओळीने तो ओळखला. "आला गो, आला!"

बाबा उतरले. दोरी अजून बोटाला. आईसमोर जाऊन उभे राहिले आणि आवाज चढवून म्हणाले, "मावरं ताजं हाय का?"

आईने पदर पुढे ओढला. मान खाली. "डोळं नवं हायत ना? बगा."

बघायचं म्हणजे मासा उचलून कल्ला उघडायचा, आणि त्यासाठी वाकायला हवं. बाबांना वाकायची मनाई. ते तसेच ताठ उभे राहिले. मग आईने फडकं जरासं बाजूला केलं, एक पापलेट उचललं आणि उठून उभी राहिली. मासा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. पदर मागे सरकला. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर पडलं, पांढऱ्या केसांवर पडलं.

बाबांनी काळा चष्मा वर केला. मासा समोर होता, पण ते माशाच्या वरून बघत होते. किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. मग भांडणाच्या त्याच मोठ्या आवाजात, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "मावरंवाली ताजी हाय. मंग मावरं ताजंच असनार. बांध."

ओळीत एकच हशा उसळला. आईचं तोंड कोळंबी शिजल्यासारखं लाल झालं.

"अवो, भाव तरी करा," ती म्हणाली. "बोहनी हाय."

"आज नाय," बाबा म्हणाले आणि तिने सांगितला त्या भावाने त्यांनी पापलेट घेतलं.